घायाळाचा माग

माझे आजोबा उमरेडच्या जंगलात शिकारी साहेबांसोबत माग काढायला जात. बंदूक त्यांनी कधी हाती घेतली नाही. गोळी सुटली की त्यांचं काम सुरू होई.

ते शास्त्र मी लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलं. गोळी लागल्यावर लगेच मागे धावायचं नाही. घायाळ सांबराला निवांतपणा मिळाला तर ते जवळच्याच झुडपात बसतं. पाठलाग झाला तर उरलेलं बळ एकवटून कोसभर पळतं. रक्त फेसाळ, गुलाबी असेल तर गोळी फुप्फुसात. जनावर फार लांब जात नाही. काळपट लाल असेल तर यकृतात. हिरवट घाण आणि दर्प आला तर पोटात, मग काही तास थांबायचं. गवतावर रक्त किती उंचीला पुसलंय, त्यावरून जखमेची जागा कळते. शेवटचा थेंब दिसला तिथे फांदी खोवायची आणि माग तुटला तर त्या खुणेभोवती मोठे मोठे फेरे घालायचे. रात्र झाली तर पहाटे पुन्हा तिथूनच सुरुवात. आजोबा म्हणत, "ज्याला जखम केली, त्याला तसंच टाकून घरी जेवायला बसायचं नाही."

1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला जागाच उरली नाही. हे फार चांगलं झालं. 2012 मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झालं, तेव्हा मी गाईड झालो. आजोबांनी दिलेली नजर आता पर्यटकांना ठसे दाखवू लागली. 2013 मध्ये नागझिऱ्याहून चालत आलेल्या जय वाघाचा ठसा पाहून माणसं हरखून जात. एप्रिल 2016 नंतर जय दिसला नाही. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही त्याचा माग लागला नाही. पुढच्याच वर्षी त्याचा बछडा श्रीनिवास नागभीडजवळ शेतकुंपणात सोडलेल्या विजेने मेला आणि तिथेच पुरला गेला.

बंदुका थांबल्या, जखमा थांबल्या नाहीत. ब्रेकच्या तारेचा फास तोडून निसटलेलं रानडुक्कर मांसात रुतलेली तार घेऊन दिवसचे दिवस फिरतं. गाडीची धडक बसलेलं चितळ लंगडत पळसात शिरतं. गाडीवाला पुढे निघून जातो, फास लावणारा गप्प बसतो. जुन्या शिकारीचा मला अभिमान नाही. पण घायाळाच्या मागे जाण्याचा तिचा धर्म आपण शिकारीसोबतच पुरून टाकला, याचं दुःख आहे.

पण म्हणून आता स्वतः माग काढायला जंगलात शिरू नका. जखमी जनावर जीव वाचवायला उलटतं. रस्त्यावर रक्त दिसलं तर जागा नीट लक्षात ठेवा, जनावर कोणत्या बाजूला गेलं ते पाहा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. उपचाराची सोय नागपुरात सेमिनरी हिल्सच्या केंद्रात आहे. तिथपर्यंत जनावर पोहोचायचं, तर पहिली खबर तुम्हीच द्यायला हवी.