जोडी परवडते, काम असेल तर

वाडीत कुणी बैल विकायला काढले की मी त्याला कधी अडवलं नाही. उलट ‘बरं केलंस’ असंच म्हणत आलो. आमची शेती अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात. खाली भाताची खाचरं, वरच्या अंगाला वरकस, आणि त्या वरकसात वडिलांनी लावलेला साग आणि बांबूची बेटं. एवढ्याशा जमिनीला बैलजोडी कशाला, असा माझा सवाल असे आणि त्यामागे हिशेब होता. चिखलणीच्या दिवसांत महिना-सव्वा महिना काम, पुढे वर्षभर जोडी दावणीला उभी. खाणं मात्र बारमाही. चार-पाच घरांनी मिळून पॉवर टिलर घेतला तर तो काम नसेल तेव्हा डिझेल मागत नाही.

दुसरं कारण हिशेबाचं नव्हतं. पराणीची आर टोचून फाटलेली कातडी आणि जू घासून आलेला खांदा मी लहानपणापासून बघितला आहे. त्या जखमेवर माशा बसलेल्या असायच्या आणि तरी सकाळी जनावर जुपलं जायचं. यंत्र आलं की बैल सुटला, असं मी मनापासून मानत होतो. देशात २०१२ च्या पशुगणनेत गोवंशातले नर सुमारे ६.८ कोटी होते, २०१९ च्या गणनेत ते ४.७ कोटींच्या आसपास आले. ही घट मी लोकांना चांगली बातमी म्हणून सांगत असे.

आज मी तसं सांगत नाही. पोळ्याची झूल आणि बाशिंगं आठवून माझं मन पालटलं, असं मात्र कुणी समजू नये. मन पालटलं ते सागाच्या विरळणीमुळे.

साग दाट झाला होता. मधली झाडं काढल्याशिवाय उरलेली पोसणार नव्हती. साग मालकीचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात तो येतो, म्हणून रीतसर परवानगी काढली. खरेदीला आलेला व्यापारी म्हणाला, ट्रॅक्टर वर न्यायचा तर जेसीबी लावून रस्ता पाडावा लागेल. तसा रस्ता शेजारच्या डोंगरउतारावर आधीच पाडलेला होता. पुढच्या आषाढात त्याचा ओहोळ झाला आणि खालच्या खाचरांत मुरूम आणि गोटे येऊन पडले. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथं उतारावरची माती एकदा उकरली की ती थांबत नाही. चार वाशांसाठी मी बापजाद्यांची माती वाहून जाऊ देणार नव्हतो.

त्याच सुमारास, २०२२ च्या लम्पीच्या साथीत, आमच्या वाडीतल्या एकाचा बैल गेला. जनावरांचे बाजार बंद, दुसरा आणायची सोय नाही. माझ्या चुलत्यांकडेही, म्हणजे तात्यांकडेही, एकच उरला होता. दोघांनी सावड केली. अडचण अशी की दोन्ही बैल उजव्या अंगाला चालायची सवय असलेले. तात्यांनी आपल्या बैलाला डाव्या अंगाला शिकवायला घेतलं. आधी रिकामं जू, मग नुसती साखळी, मग एक हलकं लाकूड. आवाज न चढवता, पराणी हातात न घेता. मग ही जोडी माझ्या वरकसात आली.

दोन्ही बैल डांगी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कातडी तेलकट, पावसाचं पाणी अंगावर ठरत नाही. या जातीचे खूर काळे आणि गारगोटीसारखे कठीण असतात. डांगी बैल सावकाश चालतो, पण थांबत नाही. लाकूड ओढायला तो पूर्वापार नावाजलेला आहे, हे मी ऐकून होतो. ते होताना बघितलं नव्हतं.

तात्यांनी आधी ओंडक्याचं पुढचं टोक वाकसानं तासून निमुळतं केलं, म्हणजे ते दगडाला आणि मुळीला अडकत नाही. मग त्या टोकाखाली झाडाचं जाड बेचकं सरकवून बांधलं. टोक जमिनीवरून वीतभर उचललं गेलं आणि ओढीचा भार एकदम हलका झाला. दहा फूट लांब, फूटभर जाडीचा ओला साग दोनशे किलोच्या वर भरतो. बैल दिवसभर सलग ओढतो ती शक्ती त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा. अवघड जागी थोडा वेळ तो या ओढीच्या दुपटीहून जास्त जोर लावतो, पण लगेच त्याला उभं करून दम घेऊ द्यावा लागतो. तात्या नेमके तेच करत. पंचवीस-तीस पावलं, की थांबा. खडा उतार आला तिथं त्यांनी साखळी सोडली आणि ओंडका मोकळा खाली जाऊ दिला. मी म्हटलं, “तात्या, बैलच नेतील की खाली.” ते म्हणाले, “उताराला जनावराच्या मागं लाकूड बांधायचं नसतं बाबा. पाय मोडला तर काय करशील?”

संध्याकाळी मी वर जाऊन बघितलं. जिथून लाकूड गेलं होतं तिथं पाचोळा बाजूला सरलेला, एक ओरखडा आणि खुरांचे ठसे. ठेवलेल्या एकाही झाडाची साल सोललेली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात त्या ओरखड्यावर गवत आलं.

तेव्हा मी जुना हिशेब पुन्हा मांडला. बैल बसून खातो हे खरं, पण त्याला बसवून आम्ही ठेवला होता. दिवाळीनंतर वरकसात काय कमी काम असतं? गवताचे भारे, बांबू, जळण, शेणखत वर न्यायचं, बांधाचे दगड ओढायचे. ही कामं मजुरांच्या डोक्यावरून किंवा पिकअप भाड्यानं आणून होत होती, आणि जोडी त्याच वेळी पेंढा चघळत उभी असे. दोन घरांत एक जोडी आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंत हाताला काम, एवढं झालं की बैल परवडतो. खालच्या रुंद खाचरांत मी आजही टिलरच चालवतो. वरच्या अरुंद खाचरांत तो चौघांनी उचलून बांधावरून न्यावा लागतो. तिथं बैल स्वतः पाऊल टाकून जातो.

बंगळूरच्या आयआयएमचे संस्थापक संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्यासाठी आणि ओढकामाच्या जनावरांचे हाल कमी करण्यासाठी अनेक वर्षं खपून काम केलं. जनावराची शक्ती टाकून देऊ नका, तिची साधनं सुधारा, हा त्यांचा आग्रह मला पूर्वी पटत नसे. आता आमचं जू मानेवर येतं तिथं रुंद आणि गोलसर तासून घेतलं आहे. वजन पसरतं, खांदा येत नाही.

खांद्याबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. १९६५ च्या नियमांनुसार ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन जुपता येत नाही. अणकुचीदार पराणीलाही बंदी आहे. हे नियम गावात फार कुणाला ठाऊक नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकून तूप-हळद लावायची आणि वर्षभर जखमेवर जू ठेवायचं, हे मला कधीच मान्य होणार नाही.

आणखी एक गोष्ट जोडी घेण्याआधी डोळे उघडे ठेवून बघायला हवी. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर राज्यात म्हाताऱ्या बैलाला बाजार उरलेला नाही. कायद्याबद्दल कुणाचं काही मत असो, थकलेल्या बैलाची चार-सहा वर्षं आपल्यालाच सांभाळायची आहेत. त्याच्या गवताची तजवीज आजच्या हिशेबात धरा. नुसत्या पेंढ्यावर तर काम करणारा बैलही टिकत नाही. हंगामात भरडा आणि पेंड लागतेच.

सपाट काळ्या रानात, ट्रॅक्टर बांधापर्यंत येतो तिथं, मी कुणाला बैल घ्या म्हणणार नाही. पण ज्यांची जमीन चढाची आहे, वर साग-बांबू आहे आणि गोठ्यात एखादा बैल अजून उभा आहे, त्यांनी तो विकण्याआधी शेजाऱ्याशी सावडीचं बोलून बघा. आणि जेसीबीवाल्याला होकार द्यायच्या आधी एखाद्या जाणत्या गड्याला जोडी घेऊन वरकसात बोलवा. आमच्या भागात असे गडी अजून आहेत, पण बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे.