पलंगाखालची अबोल

अमेरिकेत मालवाहू व्हॅनचं फिरतं घर करायचं म्हटलं की पूर्वी स्वयंपाकासाठी प्रोपेनची टाकी ठरलेलीच. आता कितीतरी व्हॅनमध्ये तिच्याऐवजी पलंगाखाली ही येऊन बसली आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास. वास नाही, आवाज नाही. घराणंही विद्वानांचं. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाधी या भारतीय संशोधकाने १९९० च्या दशकात या रसायनावर काम केलं.

पण हिच्या मनातलं ओळखणं कठीण. जुनी लेड-ॲसिड बॅटरी निम्मी रिकामी झाली की कण्हायची, दिवे मंदावायचे. हिचा व्होल्टेज ऐंशी टक्क्यांना आणि तीस टक्क्यांना जवळपास तोच. शेवटपर्यंत हसतमुखाने देत राहते आणि मग आतली रक्षक यंत्रणा एका क्षणात सगळं बंद करते. इंडक्शन शेगडीवरच्या कढईतली भाजी अर्धीकच्ची, व्हॅनमध्ये अंधार. म्हणून जाणते लोक शंट बसवतात. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक अँपिअर-तासाची नोंद वाण्याच्या वहीसारखी तिथे होते.

अर्धा लिटर पाणी इंडक्शनवर उकळायला साधारण ६० वॅट-तास लागतात. हिच्या पोटात अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे चहाची ददात नाही. मात्र १८०० वॅटची शेगडी पूर्ण चालवली की दीडशेच्या वर अँपिअर ओढले जातात. वायर अंगठ्याएवढी जाड हवी आणि फ्यूज चांगला हवा. इथे पैसे वाचवणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही.

प्रोपेनशी तुलना केली तर ही गरीबच. नऊ किलो प्रोपेनमध्ये अशा जवळजवळ पन्नास बॅटऱ्यांची ऊर्जा असते. पण तो पाहुणा कटकटीचा. गळला तर हवेपेक्षा जड असल्याने फरशीवर साचतो. जळताना एका किलोमागे दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने सोडतो आणि सकाळी काचा ओल्याचिंब. काही बोगद्यांत तर त्याला घेऊन जाताच येत नाही. हिला तिथे मज्जाव नाही. छतावरचं ऊन आणि धावत्या इंजिनचा अल्टरनेटर एवढ्यावर ती भागवते.

तिला एकच वावडं आहे, थंडीचं. शून्य अंशाखाली ती द्यायला तयार असते, घ्यायला नाही. बळजबरीने चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते. म्हणून जागा व्हॅनच्या आत, उबेत. तीच ऊब रात्रभर पुरवायचं काम मात्र तिच्यावर लादू नये. हीटर व्हॅनच्याच टाकीतल्या इंधनावर चालणारा असावा. स्वयंपाक, फ्रिज, दिवे, पंखा एवढं तिला खुशाल सोपवा. आणि खरेदीच्या यादीत शेगडीच्या आधी शंट लिहा.