लिंबाची पेटी आणि तिच्यावरचं नाव

आमच्या अब्बांनी चाळीस वर्षं बागवानी केली. बागवानी म्हणजे स्वतःची बाग लावणं नव्हे. शेतकऱ्याचा माल झाडावर असतानाच बोली करून घ्यायचा, माणसं लावून तोडायचा आणि गोण्या भरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाठवायचा. आमचा कर्जत आणि शेजारचा श्रीगोंदा हा कागदी लिंबाचा पट्टा. पाऊस कमी, पण लिंबू तग धरतं.

लिंबाचा भाव मात्र भरवशाचा नाही. पावसाळ्यात माल एकदम येतो, तेव्हा कधीकधी तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही. हस्त बहाराचं फळ उन्हाळ्यात येतं आणि त्यालाच खरा पैसा. 2022 चा रमजान एप्रिलमध्ये आला, तेव्हा शहरात एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना विकलं गेलं. इफ्तारच्या शरबतात लोक अर्धंच लिंबू पिळत होते.

2025 च्या रमजानआधी माझ्या पुतणीने मोबाईलवर कॅटलॉग तयार केला. पिवळी लिंबं, हिरवी लिंबं, तीन किलोची पेटी, पाच किलोची पेटी, प्रत्येकाचा फोटो आणि दर. मला म्हणाली, "चाचा, मधे कुणी नको. बागेतून थेट घरी."

कल्पना नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या संत्री-लिंबू बागायतदारांनी 1893 मध्ये एकत्र येऊन विक्री सुरू केली आणि 1908 पासून 'सनकिस्ट' हे नाव वापरलं. ओरेगॉनच्या 'हॅरी अँड डेव्हिड' या भावांनी 1930 च्या दशकात नासपतीच्या पेट्या टपालाने घरोघर पाठवल्या. आपल्याकडे व्ही.पी.पी.ने पुस्तकं आणि औषधं यायची. फळांत हापूसची पेटी तेवढी थेट घरी जायची. 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, तेव्हापासून शेतकऱ्याला बाहेर विकायला अडचण नाही.

पण हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं, की नासपती आणि हापूस भेट म्हणून जातात. लिंबू कोण कुणाला भेट देतं? पेटीत लिंबाच्या किमतीपेक्षा कुरिअरचं भाडंच जास्त होत होतं. मग पुतणीने वाट बदलली. पुण्यातल्या एकेका सोसायटीची मागणी एकत्र घ्यायची आणि गोण्यांच्या टेम्पोतच पेट्या टाकायच्या.

दुसरी अडचण नावाची. कॅटलॉगवर तिने 'कर्जत फ्रेश' एवढंच लिहिलं होतं. आडनाव नाही. मी विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "नाव वाचून कुणी ऑर्डरच दिली नाही तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हल्ली फिरणारे मेसेज मीही वाचतो. कुणाकडून फळं घ्यायची नाहीत, हे त्यात लिहिलेलं असतं.

अब्बा खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "नाम छुपाके माल मत बेच, बेटा. आपली प्रत्येक गोणी आपल्या नावानं उतरते. माल खराब निघाला तर व्यापारी आपल्याला शिव्या देतो, चांगला निघाला तर दुसऱ्या दिवशी आपलीच गोणी शोधतो. नाव नसेल तर तो कुणाला शोधील?"

पुतणीने पूर्ण नाव टाकलं. बागवान, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, आणि ठळक अक्षरात पिनकोड. त्यालाही कारण होतं. मागवलेले रिकामे खोके आधी रायगडच्या कर्जतला गेले होते. ते येईपर्यंत चार दिवस गेले आणि तोडलेली लिंबं घरातच मऊ पडली.

पहिल्या खेपेला सतरा पेट्यांची मागणी आली. दोघांनी नाव विचारलं आणि पुन्हा फोन केला नाही. नाव आवडलं नाही की दर, कोण सांगणार? एका बाईंनी मात्र ईदच्या आदल्या दिवशी फोन केला, "बागवान, आमच्याकडे गुढीपाडवा आहे, पन्ह्याचं बघू, पण लोणच्याला पाच किलो पाठवा." त्या वर्षी दोन्ही सण लागोपाठ आले होते.

आज आमच्या मालातला दहावा हिस्सासुद्धा पेटीतून जात नाही. अब्बांचा आक्षेपही कायम आहे. पेटीत निवडक फळ जातं. डागाळलेलं, बारकं, खैऱ्या पडलेलं लिंबू यार्डच घेतं. सगळ्यांनी फक्त चांगलंच थेट विकलं, तर उरलेल्या लिंबाचं काय आणि ते विकून पोट भरणाऱ्या हातगाडीवाल्याचं काय? पुतणीला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही. मलाही नाही.

परवा ती पेट्या बांधत होती. अब्बा शेजारी बसून प्रत्येक लिंबू हातात घेऊन दाबून बघत होते. एक बाजूला काढलं, म्हणाले, "हे नको. यावर आपलं नाव आहे."