हळूहळू जाणारी हवा

आमच्या घरी विमानाचा विषय निघाला, की तो आकाशापर्यंत कधी पोहोचतच नाही, चाकापाशीच थांबतो. याचे कारण आमचे मामा. एका फ्लाइंग क्लबात ते विमानांची देखभाल पाहतात आणि त्यांची सही झाल्याशिवाय तिथले विमान सुटत नाही. "उडणे पंखांचे काम, पण परत येणे चाकांचे," हे त्यांचे आवडते वाक्य. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला चाकातल्या हवेशी काय कर्तव्य, असे आपण म्हणाल. पण थोडे ऐका.

तिथे शिकाऊ वैमानिकांसाठी सेस्ना १५२ जातीचे दोन आसनी विमान आहे. त्याच्या मागच्या दोन्ही चाकांत हवा असते अवघी २१ पौंड. आपल्या मोटारीच्या चाकापेक्षाही कमी. एका हिवाळ्यात डावे चाक रोज सकाळी उतरलेले दिसू लागले. कोणीतरी हवा भरी, विमान उडे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थंडीमुळे होत असेल, यावर सर्वांचे एकमत होते.

मामांचे मात्र समाधान होईना. थंडीने हवा आकसते हे खरेच; पारा १५ अंशांनी उतरला, तर या चाकातला दाब दीड-पावणेदोन पौंडांनी कमी भरतो. पण थंडी काय एकट्या डाव्या चाकालाच वाजते? त्यांनी एक वही केली. रोज पहाटे, चाके गार असताना, दोन्हींचा दाब मोजून ते शेजारी शेजारी मांडू लागले. आठवड्याभरात उलगडा झाला. उजवे चाक थंडीबरोबर खाली-वर होई. डावे नुसतेच खाली जाई. शिवाय रिम आणि टायर यांवर मिळून ओढलेली रंगाची रेघ तुटली होती. टायर रिमवर बोटभर सरकला होता! हवा कमी असली, की विमान उतरताना टायर असा सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि एखाद्या दिवशी व्हॉल्व्हच मुळातून उखडतो. मग धावपट्टीवर विमान कुठे वळेल, याचा नेम नसतो.

नेमके त्याच दिवशी एका मुलाचे एकट्याने लांब जाण्याचे उड्डाण ठरले होते. कर्ज काढून शिकणारा तो मुलगा काकुळतीला आला. "सर, आजच्यापुरती हवा भरून द्या ना!" मामांनी सही केली नाही.

व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडले, बुडबुडा नाही. मग विमान जॅकवर चढवून आधी चाकातली सगळी हवा काढली. रिमचे दोन भाग बोल्टांनी जोडलेले असतात. आत हवा असताना बोल्ट सोडले, तर ते उसळून माणसाचा जीव घेऊ शकतात. ट्यूब पाण्यात बुडवली, तेव्हा चोर सापडला. बसवताना पडलेली एक घडी घासून झिजली होती आणि तिच्यातून मोहरीएवढे बुडबुडे येत होते. शंखजिऱ्याची पूड लावून नवी ट्यूब बसवली, नवी रेघ ओढली. मुलगा दोन दिवसांनी उडाला आणि सुखरूप उतरला.

पुढच्या पावसाळ्यात आजी विसरू लागली. वय झाले, यावर घरात एकमत होते. आम्ही तिला वार सांगत होतो, नावे सांगत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मामांनी दुसरी वही केली. आज काय विसरली, काय आठवले, सारे तारीखवार. "शेजारच्या काकू आईच्याच वयाच्या. त्या का विसरत नाहीत?" एवढेच ते म्हणाले आणि वही घेऊन आजीला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वही वाचली, तपासण्या केल्या. हा विसर वयाचा नव्हता, आजाराचा होता. औषधाने थोडा आधार मिळेल, पण तो थांबणार नाही, असे त्यांनी सांगितले.

इथे ट्यूब बदलता येत नाही. आम्ही आजही रोज सकाळी आजीला वार सांगतो, नावे सांगतो. पण आता कारण ठाऊक आहे. गॅसजवळ तिला एकटी सोडत नाही, दाराला वरची कडी लावली आहे. आणि "आत्ताच सांगितले ना!" हे वाक्य आमच्या घरातून कायमचे गेले आहे.