हत्यार बदललं, मॅगझिन बाद

फौजेत एक गोष्ट लवकर कळते: मुख्य हत्यार बदललं की त्याला जोडलेलं सगळं बदलतं. एसएलआर जाऊन इन्सास आली, गोळी ७.६२ ची ५.५६ झाली आणि जुनी मॅगझिन बाद ठरली. पुढे सिग-७१६ आली, कॅलिबर पुन्हा ७.६२ झालं, तरी एसएलआरचं मॅगझिन तिला बसत नाही. यावर कोणी चिडत नाही. ब्राउझर अपडेट झाल्यावर सवयीचं ॲड-ऑन बंद पडलं की मात्र आपण चिडतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फायरफॉक्सचं. १४ नोव्हेंबर २०१७ ला आवृत्ती ५७ आली आणि जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन्स एका दिवसात बंद झाली. ती ॲड-ऑन्स थेट ब्राउझरच्या आतल्या यंत्रणेत हात घालायची. त्यामुळे आतला एक स्क्रू हलवला तरी कुणाचं तरी ॲड-ऑन मोडायचं, आणि एखादं खोटं ॲड-ऑन आत शिरलं तर त्याला अडवणारं कोणी नसायचं. नव्या पद्धतीत ठरावीक दारं आहेत, आणि कोणत्या दारातून जाणार ते आधी सांगून परवानगी घ्यावी लागते. छावणीच्या गेटवर आपण हेच करतो. बदलाची घोषणा ऑगस्ट २०१५ मध्येच झाली होती. पण बरीच ॲड-ऑन्स लोकांनी हौसेनं, फुकट बनवलेली. काहींनी ती नव्यानं लिहिली, काहींनी हात टेकले. ‘डाउनदेमऑल’ २०१९ मध्ये परत आलं, पण आधीच्या काही सोयी गाळून.

आता अरुणाचलमधल्या एका पोस्टिंगची गोष्ट. ब्राउझर कोणता ते महत्त्वाचं नाही. वेलफेअर रूममध्ये इंटरनेटचा एकच कॉम्प्युटर आणि लाइन रात्री दहानंतरच जरा चालायची. एक गढवाली हवालदार पेन्शनच्या उंबरठ्यावर होता, बँकेच्या परीक्षेची तयारी करत होता. रात्री पानं उघडायची, एका ॲड-ऑननं साठवायची आणि दिवसा वेळ मिळेल तशी वाचायची, असा त्याचा नेम. एका अपडेटनंतर ते ॲड-ऑन यादीत करडं होऊन बसलं. तो माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, “साब, सब गया.” घरी दोन मुलं शिकत होती. त्याचं काय पणाला लागलंय ते मला कळत होतं.

म्हटलं, “बैठो, देखते हैं.” ॲड-ऑन मेलं होतं, पण त्यानं साठवलेली पानं डिस्कवरच होती. फोल्डरना नाव नाही, नुसते तारीख-वेळेचे लांबलचक आकडे. प्रत्येक फोल्डरमधली फाइल साध्या ब्राउझरमध्ये उघडत होती. पाच रात्री तो एकेक फोल्डर उघडत गेला, रजिस्टरमध्ये विषयवार नोंद करत गेला आणि कामाची पानं छापून घेतली. पेन्शनला निघाला तेव्हा ते बाड त्याच्या ट्रंकेत होतं.

त्यानंतर आमच्या वेलफेअर रूममध्ये तीन नियम लागले. जे जपायचं ते ॲड-ऑनशिवाय उघडेल अशा रूपात, पीडीएफ किंवा साध्या फाइलमध्ये ठेवायचं. ॲड-ऑनमधले बुकमार्क, याद्या, सेटिंग महिन्यातून एकदा बाहेर काढून ठेवायचं. आणि वर्षानुवर्षं ज्याच्याकडे त्याच्या कर्त्यानं बघितलेलं नाही, अशा ॲड-ऑनवर महत्त्वाचं काम टाकायचं नाही.

अपडेटच बंद करून टाकायचं, असं काही निवृत्त मित्र सुचवतात. ते करू नका. जुन्या ब्राउझरमधली भगदाडं सगळ्या चोरांना ठाऊक झालेली असतात. तो म्हणजे कालच्याच परवलीच्या शब्दावर आज माणसं आत सोडणारा संतरी. संतरी नवाच हवा. फक्त आपलं सामान त्याच्या खिशात ठेवायचं नाही, आपल्या ट्रंकेत ठेवायचं.