कसालकडची पडवी

मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली सोडून दक्षिणेकडे निघाले की काही वेळाने कसाल लागते. उजवीकडे मालवणचा रस्ता फुटतो, सरळ गेले की ओरोस, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे मुख्यालय सिंधुदुर्गनगरी. बहुतेक प्रवाशांना कसाल एवढेच ठाऊक असते: मालवणला जायचे तर वळायचे ठिकाण. पण वळल्यावर घाई न करता कट्टा, चौके या बाजूने जाताना दोन्हीकडची घरे नीट पाहावीत. आंबा-फणसाच्या सावलीत चिऱ्याच्या भिंती, वर लाल कौले, आणि घराच्या पुढे इतकी खाली उतरलेली पडवी की उंच माणसाने वाकूनच आत यावे. आमच्याकडे नवीन जावई पहिल्या भेटीत कपाळ आपटून घेतो आणि सगळे घर हसते. एवढी ठेंगणी पडवी बांधणारे काही अडाणी नव्हते. का बांधली, ते पुढे सांगतेच.

या भागातल्या घराची रचना अशी: आधी खळे, मग पडवी, मग ओटी, आत माजघर, आणि मागे स्वयंपाकघराला लागून पुन्हा एक पडवी. हिंदू शेजाऱ्यांची घरे अशीच असतात, आमचीही अशीच. फरक असलाच तर वापरात. पुढची पडवी पाहुण्यांची आणि पुरुषांची, मागची बायकांची. मासेवाली आपली टोपली घेऊन थेट मागच्या पडवीत येते. तिथेच सुरमईचा भाव ठरतो, तिथेच गावाच्या बातम्या कळतात. मगरिबनंतर मुले पुढच्या पडवीत चटईवर सिपारा घेऊन बसतात. रमजानमध्ये इफ्तारीचा दस्तरखान तिथेच. भर पावसात कुणाच्या घरी मय्यत झाली तर जमात पडवीतच दाटीवाटीने बसते, कारण खळ्यात उभे राहायची सोय नसते.

पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये हुकूम आहे की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये. मुलांना हे शिकवताना मी नेहमी पडवीचेच उदाहरण देते. सलाम करून जबाब येईपर्यंत माणसाने थांबायचे कुठे? उन्हात नाही, पावसात नाही, आणि घरातही नाही. ज्या घराला पडवी आहे, तिथे हा अदब आपोआप पाळला जातो. शहरातल्या ब्लॉकमध्ये दार उघडले की पाहुण्याची नजर सरळ स्वयंपाकघरात जाते, त्याला पाहुणा तरी काय करणार?

आणि पडवीची गोष्ट निघाली की सुफ्फा आठवल्याशिवाय राहत नाही. मदीनेत मस्जिद-ए-नबवीच्या मागच्या बाजूला छप्पर घातलेली एक जागा होती. ज्यांना घरदार नव्हते असे सहाबी तिथे राहत आणि शिकत. त्यांना असहाब-ए-सुफ्फा म्हणतात, हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यापैकीच एक. त्या मस्जिदीचे खांब खजुराच्या बुंध्यांचे होते आणि छप्पर खजुराच्या झावळ्यांचे. पाऊस आला की ते गळत असे. रमजानच्या एका रात्री असाच पाऊस झाला आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणी आणि चिखलात सजदा केला, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. झावळ्यांचे छप्पर गळते म्हणजे काय, हे आमच्या कोकणातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तो सरळ पडला असता तर फारसे बिघडले नसते. पण पश्चिमेचा वारा त्याला आडवा करतो. म्हणून पडवीचे छप्पर खाली ओढलेले असते. उंच केले की झड थेट ओटीपर्यंत येते. त्यातूनही जी बाजू वाऱ्याच्या तोंडाला असते तिथे मिरगाच्या आधी नारळाच्या चुडतांची विणलेली झापे बांधतात. हल्ली त्यांच्या जागी निळे प्लास्टिक दिसते. ते एक पावसाळा टिकते आणि नंतर त्याच्या चिंध्या वर्षभर कुंपणावर फडफडतात.

पडवी ज्या चिऱ्यावर उभी असते तो जांभा दगड आमच्या पायाखालीच आहे. फ्रान्सिस ब्युकॅनन नावाच्या इंग्रजांच्या अधिकाऱ्याने केरळात तो पाहिला आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट असे नाव दिले, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो; हवा लागली की कठीण होतो. पण तो सच्छिद्र असतो. पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू वर चढवतो. वरची मंगलोरी कौले त्या मानाने अलीकडची. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी कुंभाराचे नळे किंवा गवत हेच छप्पर.

आता लाकूड. आमच्या पडवीला चार खांब आहेत, फणसाचे. वासे किंजळीचे, रिपा पोफळीच्या. मागच्या वर्षी एक खांब तपासायला सुतारकाका आले होते. त्यांनी छपराकडे पाहिलेसुद्धा नाही. उकिडवे बसून खांबाच्या बुडाशी टोचणी खुपसली आणि म्हणाले, “बाई, खांबाक पाणी लागाक नको, बाकी वर तुमका काय घालूचा ता घाला.”

खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो तळखड्यावर उभा असतो. तळखडा म्हणजे जोत्यावर बसवलेला घडीव दगड. त्याच्या खोबणीत खांबाच्या बुडाची खुंटी बसते. एवढ्याशा दगडाने दोन कामे होतात: जमिनीतली ओल लाकडापर्यंत चढत नाही, आणि वाळवी लागलीच तर तिचा मातीचा माग दगडावर उघडा दिसतो, वेळीच झाडून टाकता येतो. पुरलेल्या खांबात ती आतल्या आत चढते आणि कळते तेव्हा खांब पोकळ झालेला असतो. बाकीची युक्तीही अशीच साधी. जमिनीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार. कौलांची कड जोत्याच्या दीड-दोन फूट पुढे, म्हणजे पागोळ्या जोत्यावर न पडता खळ्यात पडतात. पागोळ्या पडतात तिथे दगडांचा पट्टा, म्हणजे चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत. आणि खांबाच्या बुडाला काजूच्या टरफलाचे काळे तेल. ते हाताला लागले तर कातडी भाजते, म्हणून मुलांना त्या दिवशी पडवीत येऊ देत नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा कॅनडात टोरांटोजवळ राहतो. त्याने घराच्या मागे लाकडी पडवी बांधायला घेतली. तिकडे तिला डेक म्हणतात, वर छप्पर नसते. व्हिडिओ कॉलवर त्याने खोदलेले खड्डे दाखवले. एकेक खड्डा चार फूट खोल! अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजूला बसल्या होत्या. “पडवी बांधतो की विहीर?” असे त्यांनी विचारलेच.

कारण ऐकण्यासारखे आहे. तिथे हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते. पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण नऊ टक्क्यांनी फुगतो. त्यात गोठणारा थर खालची ओल वर ओढत राहतो, बर्फाचे थरावर थर साचतात, आणि वरच्या खांबाला जमीनच वर उचलते. वसंतात बर्फ वितळला की तो खाली बसतो, पण वाकडा. दोन-चार हिवाळ्यांत पडवी घरापासून सुटते. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. टोरांटोकडे तो थर सुमारे 1.2 मीटर, म्हणजे चार फूट धरतात. पुढे तो म्हणाला, काँक्रीटच्या पायावर लाकूड थेट ठेवत नाहीत, मध्ये लोखंडी बैठक असते, लाकूड अधांतरी राहावे म्हणून. जमिनीच्या फळ्यांमध्ये खिळ्याच्या जाडीची फट सोडतात. औषध मुरवलेले लाकूड वापरतात, पण त्या औषधातले तांबे साध्या खिळ्यांना गंजवते, म्हणून खिळेही जस्त चढवलेले लागतात. सगळ्यात जास्त काळजी कुठे, तर पडवीची तुळई घराच्या भिंतीला जिथे जोडली जाते तिथे. त्या सांध्यात पाणी शिरले की भिंतीचे लाकूड आतून कुजते.

मी त्याला म्हटले, ही लोखंडी बैठक म्हणजे तुझ्या आजोळच्या पडवीतला तळखडाच झाला. लहानपणी त्यावर बसून त्याने कितीतरी आंबे खाल्ले आहेत. त्याला तो आठवत होता, पण तो तिथे कशासाठी होता हे त्याला कधी कुणी सांगितले नव्हते. सांध्याचेही तसेच. आमच्या जुन्या घरांत पडवीचे छप्पर मोठ्या छपराच्या कडेखाली सरकवलेले असते, म्हणजे वरचे पाणी खालच्या कौलांवर पडते. उघडा सांधा राहतच नाही. टोरांटोत वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे 800 मिलिमीटर पाणी पडते, आमच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. तरी शत्रू तोच.

बर्फाच्या मुलखातली लाकडी इमारत पाहायची तर एवढे लांब जायलाही नको. श्रीनगरला झेलमच्या काठी खानकाह-ए-मौला आहे. मीर सय्यद अली हमदानी यांच्या स्मरणार्थ सुलतान सिकंदरने 1395 च्या सुमारास ती प्रथम उभारली. आगीत जळाल्यावर अठराव्या शतकात पुन्हा बांधली गेली. काम देवदाराचे, छप्पर उतरते आणि एकावर एक चढत गेलेले. काश्मीरच्या जुन्या घरांच्या छपरांवर माती असे आणि मातीखाली भूर्ज झाडाची साल अंथरलेली असे. त्या सालीतून पाणी जात नाही. वसंतात त्या मातीवर गवत आणि फुले उगवत. आमच्या शाळेतल्या मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, मग छपरावर बकरी चढत नसे का? उत्तर मला देता आले नाही.

आमच्या भागात मात्र पडवी दरवर्षी कमी होते आहे. महामार्ग चौपदरी होताना रस्त्याकडेच्या कितीतरी घरांचा पुढचा भाग गेला; घर राहिले, पडवी गेली, आणि आता दाराच्या समोर थेट धुळीचा रस्ता. हे एक कारण. दुसरे कारण आमचे आम्हीच. मुले मुंबईला, मुंब्र्याला, आखातात. घराला वर्षातले दहा महिने कुलूप. कौलारू छप्पर दर मेमध्ये उतरून, फुटके कौल बदलून, पुन्हा लावावे लागते. एक कौल सरकले तर पहिल्या वर्षी रीप भिजते, दुसऱ्या वर्षी वासा, आणि तिसऱ्या वर्षी पडवी खाली येते. तौक्ते चक्रीवादळ मे 2021 मध्ये किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कौले आणि पत्रे दोन्ही उडाले. ज्या घरात माणूस होते तिथे चार दिवसांत झाकपाक झाली. बंद घरांत पहिला पाऊस सरळ आत आला.

म्हणून लोक स्लॅब घालतात. माझे दोन्ही दीर, एक मुंब्र्याला, एक कुवेतला, त्याच मताचे: एकदा खर्च करू, मग बघायला नको. त्यांचे म्हणणे मला कळते. पण स्लॅब बघायला लागत नाही हे खरे नाही. पुढे काढलेल्या पातळ छज्जात सळीवर सिमेंटचा थर कमी असला, किंवा खाडीची वाळू नीट न धुता वापरली, तर सळी गंजते. गंज फुगतो आणि खालचे सिमेंट पापुद्र्यासारखे सुटते. भिंत आणि नवा स्लॅब यांच्यामधला सांधा पहिल्या दोन-तीन पावसांत उघडतो. मग गळती थांबवायला त्याच स्लॅबवर लोखंडी पाइप आणि पत्रे! कसालपासून मालवणपर्यंत असे दुहेरी छपराचे बंगले मोजत जा, वेळ चांगला जाईल. त्यातच एप्रिलच्या दुपारी त्या स्लॅबखाली बसून पाहा.

आमच्या घरात हा विषय दोन वर्षे चालला. मोठे दीर म्हणाले, “भाभी, तुम्ही शिक्षक माणसे, तुम्हाला जुने ते सगळे चांगले वाटते.” तसे नाही. वासे आणि रिपा यांच्यासाठी आता चांगले लाकूड मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही, आणि कौले चाळणारे गडी शोधावे लागतात. माझे मत मी सांगितले: सांगाडा लोखंडी पाइपचा करा, त्याला वाळवी लागत नाही, वर कौले मंगलोरीच ठेवा, पाऊसकडच्या बाजूला ती तारेने बांधून घ्या, खांब आहेत तेच राहू द्या. पाइपला दोन-तीन वर्षांनी रंग द्यावा लागेल. तो खर्च दोघा भावांनी वाटून घ्यायचा, वर चढून पाहायचे काम आमचे. मिस्टरांनी दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात कौले पाहायची, आणि ते नसतील तर मी गडी बोलवायचा, असे कागदावर लिहूनच ठेवले आहे. कुवेतच्या दिरांनी त्याखाली एक ओळ वाढवली: पैसे एप्रिलमध्ये पाठवीन.

तीन खांब चांगले निघाले. चौथ्याचे बूड हातभर कुजले होते, कारण त्या कोपऱ्यात कुणीतरी कधीतरी तळखड्याभोवती सिमेंट ओतून जमीन सारखी केली होती. पाणी तिथेच साचत राहिले. सुतारकाकांनी कुजका भाग कापून खाली नवे लाकूड जोडले आणि तळखडा छिन्नीने मोकळा केला. अम्मींची अट एकच होती, छपराची उंची वाढवायची नाही. फॅब्रिकेशनवाल्या मुलाने तीनदा विचारले, “दादी, एक फूट तरी वर घेऊ?” अम्मी नाही म्हणाल्या. माप जुनेच ठेवले आहे.