जुन्यातली नवी

मराठीचा अध्यापक या नात्याने गेली वीस वर्षे मी ‘जुने’ आणि ‘नवे’ हे दोन शब्द विद्यार्थ्यांना समजावून देत आलो आहे. खडूच्या एका उभ्या रेघेने फळ्याचे दोन भाग करावेत, डावीकडे जुने, उजवीकडे नवे. तास कसा छान संपतो. परंतु गेल्या वर्षी मी दुसऱ्याने वापरलेली मोटार घ्यायला निघालो आणि माझी ही रेघ पार पुसून गेली. माझ्यापुढे दोन गाड्या होत्या. एक जुन्यातली जुनी आणि दुसरी जुन्यातली नवी.

मोटारीचे हे वेड मला मुळीच नव्हते. कॉलेज घरापासून चार किलोमीटर. तिथे मी स्कूटरने जातो. पण आमचे गाव गुहागरजवळ, आणि घरात माणसे सहा. दर गणपतीला आम्ही चौघे आमच्या चिमुकल्या गाडीतून जायचो आणि नाना व आई एस. टी.ने. “मी एस. टी.चा माणूस, मला त्यात कसली अडचण?” असे नाना म्हणत. ते दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेतून निवृत्त झालेले. परंतु त्याच्या आदल्या वर्षी परतताना रात्री अकराच्या सुमारास त्यांना बसस्थानकावर घेरी आली. बाकावर ते आडवे, शेजारी गुडघ्याचे ऑपरेशन झालेली आई, आणि आम्ही ऐंशी किलोमीटर पुढे! त्यातून ते सुखरूप निभावले. पण घरी पोचल्यावर सौभाग्यवतींनी जाहीर केले, “यापुढे सहाच्या सहा माणसं एकाच गाडीतून जातील. नाहीतर कुणीच जाणार नाही.”

नवी कोरी मोठी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा वापरलेली, आणि नानांच्या मते वापरलेली घ्यायची तर सफारीच. या शब्दावर माझेही प्रेम आहे. आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास, आणि त्याचे मूळ अरबी ‘सफर’. म्हणजे आपल्या सफरीची ती सख्खी बहीण. हे मी जेवताना सांगितले तेव्हा आई म्हणाली, “सफारी म्हणजे तुझ्या मुंजीत यांनी शिवला होता तो ना?” व्युत्पत्तीचा तास तिथेच आटोपला.

टाटांची ही गाडी पुण्याच्या पंचक्रोशीतलीच. पहिली आली १९९८ साली. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि २०२१ मध्ये तेच नाव घेऊन दुसरीच गाडी अवतरली. नाव आजोबांचे, पण नातवाच्या अंगात रक्त निराळे. जुनीला खाली शिडीसारखी लोखंडी चासी, तिच्यावर बॉडी चढवलेली. जोर मागच्या चाकांना. नवीला वेगळी चासीच नाही. नारळाच्या करवंटीसारखे सगळे अंग एकसंध, आणि जोर पुढच्या चाकांना. तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या घराण्यातून आलेला.

“चासी नाही?” नाना घास हातात धरून म्हणाले. उभा जन्म त्यांनी चाशांवर बसच्या बॉड्या चढताना पाहिलेल्या. “अरे, चासी म्हणजे पाट. पाटच नाही तर माणूस बसणार कशावर?”

“नाना, विमानालाही पाट नसतो,” चिरंजीव म्हणाले. ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहेत, त्यामुळे त्यांना सर्व काही ठाऊक असते.

दोन्ही पक्षांची बाजू तशी खरी होती. आमच्या घराकडे जाणारा शेवटचा चढ लाल मातीचा. भरलेली गाडी चढावर असताना भार मागे जातो. तेव्हा मागची चाके ढकलणारी असली तर ती घट्ट पकड घेतात. जुनी गाडी कुठल्याही आळीतला मेकॅनिक उघडून बसेल. उलट नवीत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. रोज चार-चार किलोमीटर फिरवले तर ती तुंबते, मधूनमधून तिला लांब पळवून आणावे लागते. पण नवी वळणावर कमी झुलते, आणि अपघातात फुगणाऱ्या पिशव्या तिच्यात अधिक. मुख्य म्हणजे जुनी २०१६ सालची, साडेपाच लाखांची. नवी २०२१ सालची आणि तेरा लाखांची. या साडेसात लाखांत चिरंजीवांचे इंजिनिअरिंग बसत होते.

एका रविवारी सकाळी आम्ही सगळे जुनी पाहायला गेलो. ‘आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असे मी मालकांना आधीच कळवले होते. थंड इंजिन खोटे बोलत नाही, ही नानांची शिकवण. किल्ली फिरवताच इंजिन चालू झाले. नानांचा चेहरा खुलला.

मागे दोन आडवी बाके होती, समोरासमोर तोंड करून. आई आणि माझी मुलगी तिथे जाऊन बसल्या. गुडघ्याला गुडघा लागत होता. दोन मिनिटांत त्यांच्या गप्पा रंगल्या आणि आपण गाडी घ्यायला आलो आहोत हे त्या विसरूनही गेल्या. मी मनात म्हटले, घ्यायची तर हीच.

सौभाग्यवती मात्र त्या बाकांकडे टक लावून पाहत होत्या. “डोक्यामागे आधार कुठाय?” त्या हळूच मला म्हणाल्या. “माझी मुलं अशी आडवी बसवून मी कुंभार्लीचा घाट उतरणार नाही, अहो. साडेसात लाख वाचोत, नाहीतर पन्नास.”

एवढ्यात नानांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. बाहेर त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या. बराच वेळ आवाज नाही. मग स्क्रूड्रायव्हरने खरवडल्याचा आवाज. मग पुन्हा शांतता. त्या रात्रीचा बसस्थानकावरचा बाक मला आठवला आणि मी घाबरून हाक मारली. नाना बाहेर आले. त्यांच्या तळहातावर ताज्या काळ्या रंगाची एक खपली होती आणि तिच्यामागे तांबूस भुगा. गाडी बरीच वर्षे समुद्रकाठी उभी होती. गंज चढला होता, आणि वरून नुकताच हात फिरवलेला. मालकांनी दुसरीकडे पाहिले.

नाना मालकांना काहीच बोलले नाहीत. हात झाडून मला म्हणाले, “चल.” परतीच्या वाटेवर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा एकदाच पुटपुटले, “पाटच कुजला होता रे.”

पुढच्या महिन्यात आम्ही नवी घेतली. एका बोळात राहणाऱ्या डॉक्टरांची; त्यांना ती वळवताच येत नव्हती. घासाघीस होऊन पावणेबारा लाख ठरले. दुरुस्तीची वही, विम्याचे दावे, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, पुस्तकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर, सगळे नानांनी चष्मा पुसूनपुसून ताडून पाहिले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. कर्ज काढले. काश्मीर पुन्हा एकदा पुढे गेले; ते आमच्या लग्नापासून पुढेच जाते आहे.

गणपतीला प्रथमच सहाजण एकत्र निघालो. आई पुढे माझ्याशेजारी, मध्ये दोन सुट्या खुर्च्यांवर नाना आणि सौभाग्यवती, मागे मुले. सगळ्यांची तोंडे पुढे, सगळ्यांना पट्टे. पाटण गेले तरी गाडीत कुणी बोलेना. मुलांच्या कानांत बोंडे होती. गावच्या लाल चढावर पावसात पुढची चाके एकदा जागच्या जागी फिरली. मुले खाली उतरली, भार हलका झाला, गाडी वर चढली. ‘मागची चाकं असती तर’ हे वाक्य नानांनी गिळलेले मी आरशात स्पष्ट पाहिले.

रात्री आरती झाल्यावर आई त्यांच्या मानेला तेल चोळत बसली होती. मी घाबरून विचारले, “काय झालं? पुन्हा घेरी आली का?”

“घेरी कसली!” आई म्हणाली. “घाट सुरू झाल्यापासून हे मान मागे वळवून बसलेले. पोरांना एस. टी.च्या गोष्टी सांगायच्या होत्या ना. चिपळूण येईस्तोवर काढली बाई एकदाची पोरांनी कानांतली बोंडं.”